उघाडीवरची बाज

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर बोंबील वाळत घालता, लपंडाव खेळताना माझ्याखाली दडता, आणि मी कुरकुरले की मोडकी म्हणून मला हसता. हसा, माझी त्याला हरकत नाही. मी जुनी बाज आहे, कुरकुरणारच. पण आज थोडा वेळ माझ्यावर शांत बसा. माझ्यावर निजलेल्या, आणि कितीतरी दिवस निजू न शकलेल्या एका माणसाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझे पाय बाभळीचे आहेत. कळव्याच्या पुढे, पारसिकच्या डोंगराखाली, खाडीला लागून आपलं हे गाव आहे. तिथे एका वादळात बाभळीचं झाड उन्मळून पडलं. महिपत सुताराने ते चिरलं आणि चार पाय, चार दांडे तासून मला उभं केलं. तेव्हा ठाण्याच्या खाडीवरून आगगाडी धावायला लागून वीसेक वर्षं झाली होती. मला विणलं ते मात्र, ज्याची ही गोष्ट आहे त्या काळुरामने स्वतः. त्याची बायको सगुणा सुंभाचं दुसरं टोक धरून बसायची. तीन दिवस दोघं विणत होती. विणून झाल्यावर काळुरामने माझ्यावर थाप मारली आणि मी ढोलकीसारखी वाजले. महिपत म्हणाला, अशी ताठ बाज खाडीकाठच्या सगळ्या खारीत नाही. मला फार अभिमान वाटला. नव्या वस्तूला तेवढं पुरतं.

माझी जागा घरात नव्हती. बांधावर उघाडीजवळ एक खोप होती, तिथे मला नेऊन ठेवलं. तुमच्यातल्या लहानांना उघाडी माहीत नसेल, म्हणून सांगते. आपल्या गावची खारीतली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. खाडीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून लांबच लांब मातीचा बांध घातला आहे. त्या बांधाला फळ्यांचं एक दार आहे, तीच उघाडी. भरती चढू लागली की दार बंद करायचं, ओहोटीला उघडून पावसाचं साचलेलं पाणी बाहेर सोडायचं. बांधाला कुठे पाझर दिसला तर चिखल आणि पेंढा दाबून लगेच बुजवायचा. हे काम एका माणसावर असतं. त्याच्या जागेपणावर सगळ्या गावाचा भात उभा असतो. गावाने हे काम काळुरामला दिलं होतं, कारण तो शब्दाचा पक्का होता.

सात वर्षं त्याने ते चोख केलं. भरतीचं पाणी चढलं, थबकलं, उतरू लागलं की तो उघाडीकडे एकदा नजर टाकायचा आणि माझ्यावर येऊन पडायचा. त्याची झोप मला पाठ होती. आधी एक लांब श्वास बाहेर पडायचा. मग मिटलेल्या मुठी सुटायच्या, खांदे सैल व्हायचे, आणि त्याचं सगळं वजन माझ्या सुंभावर सारखं पसरायचं. मित्रांनो, जागा माणूस बाजेवर नुसता टेकलेला असतो. टाच, कोपर, मान, कुठे ना कुठे तो स्वतःला धरून ठेवतो. निजलेला माणूस स्वतःला पूर्णपणे आमच्या हवाली करतो. दुपारी सगुणा भाकरी घेऊन यायची आणि तो निजलेला दिसला की शेजारी बसून राहायची. त्याला उठवायची नाही.

आता त्या दिवसाकडे येते. मला तो सांगायला जड जातो, पण तो गाळला तर गोष्ट खोटी होईल.

श्रावणातल्या अमावास्येचं उधाण होतं. तीन दिवस पाऊस धरून होता. रात्रीची भरती काळुरामने डोळ्यात तेल घालून काढली. सकाळी ओहोटीला तो बांधावरून फिरला, तेव्हा उघाडीपासून दोन हातांवर त्याला पाझर दिसला. खेकड्याचं बीळ होतं, मनगटाएवढं. दुपारची भरती यायला अजून वेळ होता. तो खोपीत आला, पेंढ्याची गुंडी पायाशी ठेवली आणि स्वतःशीच म्हणाला, जरा पाठ टेकतो, मग उठून बुजवतो.

तो टेकला आणि त्याला गाढ झोप लागली. मी नीट विणलेली होते. त्या दिवशी मी कुठे खुपले असते, एखादी दोरी तुटली असती, तर बरं झालं असतं, असं मला पुढे किती वेळा वाटलं म्हणून सांगू.

भरती चढली. काळुराम निजलेलाच होता. जवळच्या शेतात धोंडीबा नावाचा माणूस तण काढत होता. त्याने पाण्याचा आवाज ऐकला आणि तो ओरडत धावला, "काळू, खांड पडली!" बांध फुटून पाणी आत घुसतं त्या भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. काळुराम धडपडत उठला. तो पोचेपर्यंत धोंडीबा पेंढ्याचे भारे घेऊन खांडीत उतरला होता. वरची माती एकदम ढासळली आणि पाण्याने धोंडीबाला ओढून नेलं. काळुरामने मागोमाग उडी घेतली, दोनदा बुडी मारली, पण त्याच्या हाताला काही लागलं नाही. ओहोटी लागल्यावर धोंडीबा तिवरांच्या मुळांत सापडला.

गाव जमलं. शेतात खारं पाणी कमरेएवढं उभं होतं. दोन वर्षं तरी तिथे भात येणार नव्हता. गावच्या पाटलाने काळुरामला विचारलं, "तू कुठं होतास?"

काळुराम म्हणाला, "बांधाच्या त्या टोकाला."

एवढंच तो खोटं बोलला. पण खोट्याचं एक वाईट असतं, त्याला सोबत लागते. कुणाला तरी खांडीच्या कडेला धोंडीबाची खेकडे काढायची आकडी सापडली. लगेच एकाने तर्क केला, यानेच काल बिळं उकरली असणार, म्हणून बांध कमजोर झाला. बाकीच्यांनी काळुरामकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. गावाने त्या खाली घातलेल्या मानेलाच होकार समजलं.

त्या दिवसापासून धोंडीबाची बायको ठमाबाई गावात एकटी पडली. नवरा गेला, शेत खारट झालं, आणि वर बोल लागला की तुझ्या दादल्याच्या खेकड्यांनी गाव बुडवलं. विहिरीवर बायका तिच्या आधी आपला हंडा भरून घ्यायच्या. मजुरीला कुणी तिला हाक मारीना. ती रोज ओहोटीला पाटी घेऊन खाडीत शिंपल्या वेचायला जायची. जाता-येता त्या खांडीच्या जागेपाशी क्षणभर थांबायची आणि माझ्या खोपीसमोरून निघून जायची. काळुरामशी ती बोलत असे. उलट त्याने धोंडीबामागे पाण्यात उडी टाकली म्हणून त्याचे उपकार मानायची. एकदा तर तिने त्याला शिंपल्या आणून दिल्या. त्या दिवशी तो जेवला नाही.

आणि त्याची झोप गेली.

पहिले काही दिवस त्याने मला खोपीच्या भिंतीला उभं करून ठेवलं. सगुणा आली, तिने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. खाट उभी करणं अशुभ. तिने मला आडवं केलं आणि त्याला बळेच निजायला लावलं. तो पडला. पण मला त्याचं वजन कळेना. टाच वेगळी, खांदा वेगळा, दात एकमेकांवर दाबलेले. बाहेर पाणी थोडंसं वाजलं तरी तो उठून बसायचा. भरती असो की ओहोटी, फरक पडत नव्हता. डोळा लागलाच तर धोंडीबाची हाक ऐकू आल्यासारखा दचकायचा.

सगुणाने काय नाही केलं? ती त्याच्या तळपायांना तेल लावून काशाच्या वाटीने घासत बसायची. दुधात जायफळ उगाळून द्यायची. भगताकडून दोरा आणून त्याच्या दंडाला बांधला. कुणी म्हणालं, बाजेत ढेकूण असतील. मग तिने माझ्यावर कढत पाणी ओतलं आणि मला भर उन्हात टाकलं. माझ्यात ढेकूण नव्हते. कुणी म्हणालं, डोकं चुकीच्या दिशेला होतंय. मला फिरवून ठेवलं. माझं जुनं सुंभ काढून नवं विणलं. चूक माझ्यात नव्हती, पण मी काही बोलू शकत नव्हते. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, त्या दिवशी तो निजला तो माझ्यावरच. मग भोगावं थोडं मीही.

माघात सगुणा त्याला कल्याणच्या वैद्यांकडे घेऊन गेली. परत आल्यावर ती माझ्या कडेवर बसून शेजारणीला सगळं सांगत होती. वैद्यांनी नाडी बराच वेळ पाहिली. रात्रीचं जेवण हलकं ठेवा, म्हशीचं दूध घ्या, अंगाला तेल लावा, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग काळुराम बाहेर गेल्यावर ते सगुणाला म्हणाले, "बाई, अंगात रोग नाही. झोप बोलावून येत नाही, मन मोकळं झालं की आपण होऊन येते. यांच्या मनात काय सलतंय ते यांनाच विचारा."

सगुणाने विचारलं. काळुराम म्हणाला, काही नाही. ती फार सोशिक बाई होती, तिने पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवशी ती माझ्याजवळ बसून रडली.

मित्रांनो, न निजलेल्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. काळुराम वाळत गेला. एकदा त्याने ओहोटीला उघाडी बंदच ठेवली आणि भरती लागल्यावर उघडायला गेला. सगुणाने वेळेवर हात धरला म्हणून निभावलं. ज्या जागेपणाने तो पापाची भरपाई करू पाहत होता, तेच जागेपण गावाला पुन्हा बुडवायला निघालं होतं. हे त्याला कळलं, आणि तो जास्तच घाबरला.

चैत्र संपता संपता एका सकाळी सेसिलिया खोपीत टेकली. ती ठाण्याची ख्रिस्ती म्हातारी होती. बांधावरून भाजीची पाटी घेऊन गावोगाव जायची, आणि सावली दिसली की बसायची. तिने काळुरामच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, तिचा थोरला दीर असाच जागायचा. भावाच्या शेताची हद्द त्याने सरकवली होती. मग तो पाद्रीबाबांकडे जाऊन सगळं सांगून आला.

काळुरामने विचारलं, सांगितल्यावर झोप लागली का?

सेसिलिया म्हणाली, "नाय. पाद्रीबाबानं त्याला इचारलं, मना सांगितलंस ते बरं केलंस, पण भावाला सांगितलंस काय? मग तो भावाकडं जेला. त्याच्यानंतर निजला."

तिने पाटी डोक्यावर घेतली आणि ती निघून गेली. काळुरामचं काय बिनसलं आहे, हे तिला माहीतही नव्हतं. तो मात्र दिवसभर त्याच जागी बसून राहिला.

वैशाखात पावसाळ्यापूर्वी गाव बांध दुरुस्त करायला जमतं. घरटी एक माणूस येतो, माती उचलतो. त्या वर्षी खांडीची जागा पक्की करायची होती, म्हणून सगळेच आले होते. ठमाबाईसुद्धा आली. तिने कमरेला पदर खोचला होता आणि डोक्यावर मातीची पाटी होती. दोन पाट्या तिने टाकल्याही. तेवढ्यात एक म्हातारा पुढे झाला आणि म्हणाला, ज्या घराने बांध फोडला त्या घरचा हात बांधाला लागायला नको. कुणी त्याला अडवलं नाही. पाटील दुसरीकडे बघत राहिला.

ठमाबाईने पाटीतली माती तिथेच उपडी केली आणि ती माझ्या खोपीच्या सावलीत येऊन बसली. रिकामी पाटी मांडीवर घेऊन ती तिच्या वेताची कड उगाच चाचपत होती. काळुराम खोपीच्या दारात उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो आत आला, माझ्या कडेवर बसला, पुन्हा उठला, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"ठमाबाय," तो म्हणाला, "धोंडीबानं बांध नाय उकरला. बीळ मी सकाळीच बघितलं होतं. बुजवायचं सोडून मी इथं निजलो. त्यानं हाक मारली तवा जागा झालो."

ठमाबाईचे हात थांबले. मला वाटलं, आता ही शिव्याशाप देईल, पाटी याच्या डोक्यात घालेल. तिने तसं काही केलं नाही. तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"मना काय सांगतंस? माझ्या दादल्याला तू माझ्यासमोर नाय, त्यांच्यासमोर चोर केलास. तिकडं जा नि सांग."

काळुराम उठला. खोपीपासून लोक फार लांब नव्हते. तो चालत गेला, पाटलासमोर उभा राहिला, आणि मोठ्याने सगळं सांगितलं. बीळ दिसलं तिथपासून मान खाली घातली तिथपर्यंत. तो एकही शब्द चुकवत नव्हता. नऊ महिने तो हेच मनात घोकत असावा. सगुणा तिथेच माती कालवत होती. तिचे हात चिखलात तसेच राहिले.

मग गलका झाला. दोघंतिघं त्याच्या अंगावर धावून गेले, एकाने ढेकूळ मारलं, ते त्याच्या खांद्याला लागलं. पाटलाने लोकांना आवरलं. बराच वेळ बोलणं चाललं, आणि शेवटी निवाडा झाला. उघाडीचं काम काळुरामकडून काढलं. ते गोपीनाथ नावाच्या दुसऱ्या माणसाला दिलं. खांडीच्या जागेवरची धोंडीबाच्या घरच्या वाट्याची माती पुढची सगळी वर्षं काळुरामने उचलायची. आणि जो म्हातारा मघाशी बोलला होता, त्याला पाटलाने खोपीकडे पाठवलं. तो ठमाबाईसमोर उभा राहिला. त्याने वाकून तिची पाटी उचलली आणि मातीच्या ढिगाकडे नेली. ती मागोमाग गेली.

काळुराम आपलं सामान न्यायला खोपीत आला. सामान ते काय, एक घोंगडी, एक मडकं, एक कोयता. घोंगडीची गाठ मारायला तो माझ्यावर बसला. गाठ अर्धीच मारली गेली. त्याने एक लांब श्वास सोडला, आणि तो होता तसाच, मातीने माखलेल्या पायांनी, आडवा झाला.

मुठी सुटल्या. मान कलली. आणि नऊ महिन्यांनी मला त्याचं वजन कळलं.

भर दुपार होती. बाहेर पन्नास माणसं ओरडत होती, कुदळी वाजत होत्या. त्याला काही ऐकू येत नव्हतं. भरती आली, गोपीनाथने उघाडी बंद केली, तरी तो उठला नाही. सगुणा धावत आली आणि त्याच्या उशाशी बसली. ऊन सरकलं तशी तिने त्याच्या तोंडावर पदराची सावली धरली. संध्याकाळी लोक पांगले. ठमाबाई पाटी घेऊन घरी जाताना खोपीच्या दारात थांबली. सगुणा घाबरून उभी राहिली. नवऱ्याच्या आणि ठमाबाईच्या मध्ये ती उभी राहिली, हे मला चांगलं आठवतं. तिने हात जोडले आणि याला उठवते म्हणाली.

ठमाबाईने मान हलवली.

"निजू दे. आता तो निजला तरी कुणाचं काय जात नाय."

हे बोलणं कठोर होतं की मायेचं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. तिने त्याला क्षमा केली का, हेही मला माहीत नाही. त्यानंतर तिने त्याला कधी शिंपल्या दिल्या नाहीत. पण बायका विहिरीवर तिला वाट देऊ लागल्या. दोन पावसाळे गेल्यावर खारीत पुन्हा भात धरला, आणि कापणीला तिला पहिली हाक आली. त्या रात्री तिच्या घरातला, एरवी मध्यरात्रीपर्यंत चालणारा जात्याचा आवाज लवकर थांबला, असं सगुणा म्हणाली. म्हणजे इतकी वर्षं तीही जागत होती.

मला मग काळुरामच्या अंगणात आणलं. तो मिठागरावर मजुरीला जाऊ लागला. दिवसभर मीठ ओढायचा, संध्याकाळी येऊन हातपाय धुवायचा, चार घास खायचा आणि निजायचा. अगदी सगळं पुसलं गेलं, असं मी म्हणणार नाही. श्रावणातल्या उधाणाला तो जागाच असायचा. उठून बसायचा, खाडीचा कानोसा घ्यायचा, आणि पाणी उतरलं की पुन्हा पडायचा. पण आता तो पडला की झोप यायची. त्याला तिची वाट पाहावी लागत नव्हती. असाच एका थंडीत, पिकलेल्या केसांनी, तो माझ्यावर निजला आणि उठला नाही. त्याचा चेहरा शांत होता. सगुणाने मला धुतलं आणि अंगणात ठेवलं, तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, झोप येत नसेल तर तळपायांना तेल लावा, दूध घ्या, दिवा मालवा. सगुणाने केलं ते काही चुकीचं नव्हतं. पण तेवढ्यानेही डोळा लागला नाही, तर बाजेला कढत पाण्याने धुऊ नका. मनात कोणती गोष्ट अडकली आहे ते पाहा. आणि ती ज्याची आहे, त्याच्यापाशी नेऊन द्या. काळुरामच्या अंगणापासून ठमाबाईचं दार शंभर पावलांवरही नव्हतं. तेवढं चालायला त्याला नऊ महिने लागले. तुम्ही इतका वेळ लावू नका.